अर्धी बाई, अर्धा मासा आणि मधली शिवण

(मंडळाच्या सभागृहात श्रावणात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे आधी हातात काही दाखवल्याशिवाय बोलायला सुरुवात करता येत नाही. आज हातात कात्री आहे. आईची, शिवणकामाची, बडोद्याच्या मांडवीत घेतलेली. धार चार वेळा लावून झाली आहे.

विषय कसा निघाला ते आधी सांगते. गेल्या वर्षी गणपतीची आरास मुलांनी करायची ठरलं. अकरा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "बाई, आपण जलपरी करू या." बाकीची उड्या मारायला लागली. तेवढ्यात आमचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, म्हणाले, "गणपतीसमोर ही परदेशी बाई कशाला? आणि बडोद्याला समुद्र तरी कुठे आहे?" खूप हशा झाला. जलपरी मागे पडली आणि आपण नेहमीसारखा बाजारातून थर्माकोलचा मखर आणला. दादा आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नव्हतं. उत्तरं मला नेहमी घरी गेल्यावर भांडी घासताना सुचतात. हे त्याचं वर्षभर उशिरा आलेलं उत्तर आहे.

पहिला मुद्दा सोपा. ज्याची आपण स्थापना करतो, तो स्वतःच जोडलेला आहे. माणसाचं अंग, हत्तीचं मस्तक. गोष्टीतही ते बसवलेलं आहे, जन्मतः आलेलं नाही. आणि तो एकटा नाही. मत्स्यावताराचं चित्र आठवा: वर चतुर्भुज विष्णू, खाली मासा. गंगेचं वाहन मकर: सुसरीचा जबडा, कधी हत्तीची सोंड, मागे माशाची शेपूट. आपल्या गडांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो, तो धड सिंह नाही आणि धड दुसरं काही नाही. ओडिशात नवगुंजर आहे. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप, पायही निरनिराळ्या प्राण्यांचे आणि एक हात माणसाचा. कृष्णानं अर्जुनाला दिलेलं हे रूप सरळादासांच्या ओडिया महाभारतात येतं. अर्जुन बाण लावतो आणि मग थबकतो, कारण असा प्राणी जगात असूच शकत नाही, म्हणजे हा तोच असला पाहिजे.

तेव्हा अर्धी बाई आणि अर्धा मासा पाहून आपण दचकायचं कारण नाही. आपल्याकडे मत्स्यगंधाही आहेच. शापानं मासोळी झालेल्या अद्रिकेच्या पोटी जन्मली, कोळ्यांच्या घरी वाढली, अंगाला माशाचा वास. पुढे तीच सत्यवती, कौरवपांडवांची पणजी. राजा रविवर्मांनी शंतनू आणि मत्स्यगंधेचं चित्र काढलं. वसंत कानेटकरांनी तिच्यावर नाटक लिहिलं, अभिषेकीबुवांनी त्याला संगीत दिलं, 1964 साली. इथल्या निम्म्या लोकांना त्यातली पदं पाठ आहेत. थायलंडच्या रामायणात तर रावणाची मुलगीच जलपरी आहे. तिचं नाव सुवर्णमत्स्या. ती सेतूचे दगड पळवते, हनुमान तिला पकडायला जातो आणि तिच्या प्रेमात पडतो. आपल्या हनुमानाबद्दल असं बोललं तर चालणार नाही, पण तिकडे दुकानांत तिचं चित्र कापडाच्या पट्टीवर शुभचिन्ह म्हणून टांगतात.

आता कलेकडे येते. कागद, कापड, छापील चित्रं कापून चिकटवायच्या कामाला कोलाज म्हणतात. फ्रेंचमध्ये चिकटवण्याला 'कोले' म्हणतात, त्यावरून. त्यात रंग, दोरा, मणी, लाकूड असं काहीही मिसळलं की त्याला मिश्र माध्यम म्हणायचं. पुस्तकांत लिहिलेलं असतं की 1912 मध्ये पिकासोनं खुर्चीच्या वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रावर चिकटवलं, भोवती चौकटीसारखा दोर लावला आणि कोलाज सुरू झालं. पुस्तकं चुकीचं सांगत नाहीत, पण बायका हे काम आधीपासून करत होत्या. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाई होत्या. त्यांनी 1772 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाच्या बारीक कातरणांतून फुलं करायला घेतली. डोळे साथ देईनात तोवर करत राहिल्या. जवळजवळ एक हजार फुलं झाली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे मी खास पंख्याखाली बसलेल्या आणि "आता आमचं काय वय राहिलंय" म्हणणाऱ्यांसाठी सांगितलं.

जलपरी आणि कोलाज यांचं नातं सहज जुळतं, कारण जलपरी हेच मुळात एक कोलाज आहे. दोन भाग कुठले घ्यायचे हा प्रश्न त्यात सुटलेलाच असतो. सगळं कौशल्य उरतं ते कमरेपाशी. ती मधली शिवण कशी घालायची, एवढाच प्रश्न.

शिवण चुकली की काय होतं, त्याची एक गोष्ट आहे. गेल्याच्या आधीच्या शतकात जपानी कोळी माकडाचं वरचं धड आणि माशाची शेपूट जोडून वाळवायचे आणि सुकलेली जलपरी म्हणून विकायचे. एका अमेरिकन कप्तानाला तिचा इतका मोह पडला की तिच्यासाठी त्यानं जहाज विकलं. ते जहाज पूर्ण त्याचं नव्हतं, तो फक्त एक छोटा भागीदार होता. 1822 मध्ये त्यानं ती लंडनमध्ये दाखवली, काही दिवस गर्दी झाली, मग जाणकारांनी शिवण शोधून काढली. पुढे 1842 मध्ये बार्नम नावाच्या खेळवाल्यानं न्यूयॉर्कमध्ये 'फिजीची जलपरी' म्हणून तशीच एक दाखवली आणि तिकिटांवर पैसे कमावले. आता पाहा, माकड आणि मासा जोडणं हा गुन्हा नव्हता. जोडलेलं नाही असं सांगणं, ती लबाडी होती. कोलाज करणारा शिवण लपवत नाही. तो म्हणतो, हे मी जोडलं आहे, बघा.

आता जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यासाठी खरं तर हे व्याख्यान घेतलं.

पश्चिम आफ्रिकेत, नायजेरिया, घाना, टोगो, बेनिन या भागांत पाण्याच्या एका देवतेला 'मामी वाटा' म्हणतात. लांब केस, हातात आरसा आणि कंगवा, बहुतेक वेळा कमरेखाली माशाची शेपूट. पाण्याचे देव तिथे फार पूर्वीपासून होते, आणि युरोपची जहाजं जलपरीची चित्रं घेऊन आली तेव्हा दोन्ही एकमेकांत मिसळलं. मग 1880 च्या दशकात जर्मनीत हॅम्बुर्गला एक रंगीत चित्र छापलं गेलं. ते जलपरीचं नव्हतं. सर्कशीत साप खेळवणाऱ्या एका बाईची ती जाहिरात होती. मोठे काळेभोर मोकळे केस, अंगाभोवती साप. चित्रात तिचे पाय दिसत नाहीत. ते चित्र आफ्रिकेला पोचलं आणि लोकांनी ओळखलं, ही तर मामी वाटा! पाय दिसत नाहीत, कारण खाली शेपूट आहे. 1901 मध्ये नायजेरियातल्या बॉनी या गावी काढलेल्या एका फोटोत त्याच चित्रावरून घडवलेला लाकडी शिरोभाग दिसतो.

पुढचं ऐका. 1955 मध्ये घानातल्या कुमासीच्या एका व्यापाऱ्यासाठी त्या चित्राच्या बारा हजार प्रती पुन्हा छापल्या गेल्या. कुठे? आपल्या मुंबईत. श्रीराम कॅलेंडर कंपनी नावाच्या छापखान्यात. दादा, आपण जिला परदेशी बाई म्हणालात, तिचे बारा हजार फोटो मुंबईहून बोटीनं गेलेले आहेत.

आणि ते एकटे गेले नाहीत. भारतात छापलेली देवादिकांची कॅलेंडरंही तिकडे गेली. कमळावर उभी, पाण्यातली लक्ष्मी पाहून तिथल्या पुजाऱ्यांना आपल्या जलदेवतेची खूण पटली. ती चित्रं त्यांनी देव्हाऱ्यात लावली, भोवती आरसे, अत्तराच्या बाटल्या, पावडरीचे डबे, फुलं मांडली. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कला-इतिहासकारानं आयुष्याची अनेक वर्षं या अभ्यासात घालवली. त्यांनी नोंदवलेल्या देव्हाऱ्यांत तीन शिरांचा एक देव आहे. नाव डेन्सू. त्याचं चित्र कुठलं? आपल्या दत्तगुरूंचं. तीन शिरं, सहा हात, पायाशी कुत्री, मागे गाय. गाणगापूरला, औदुंबरला, नृसिंहवाडीला ज्याच्यासाठी आपण जातो, तो त्या समुद्राकाठी जलपरीच्या घरातला देव होऊन बसला आहे. तिथल्या माणसाला आपली दत्तजन्माची कथा ठाऊक नाही, आपल्याला त्याची डेन्सूची कथा ठाऊक नाही. चित्र मात्र एकच.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडं रागावले होते. आपला देव असा कसा कोणी कापून आपल्या गोष्टीत चिकटवला? मग लक्षात आलं, आपण दुसरं काय केलं?

रविवर्मांचंच घ्या. इथे लक्ष्मीविलास पॅलेसच्या दरबार हॉलसाठी सयाजीरावांनी त्यांच्याकडून पुराणकथांची चौदा चित्रं करून घेतली, हे आपल्याला अभिमानानं माहीत असतं. 1894 साली त्यांचा छापखाना मुंबईत निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मन, कारागीर जर्मन आणि चित्रातली सरस्वती आपली. ती चित्रं घरोघर गेली आणि मग घरच्या बायकांनी त्यांच्यावर हात चालवले. लक्ष्मीच्या छापील लुगड्यावर खऱ्या कापडाचे तुकडे बसवले, काठाला खरी जर, दागिन्यांवर टिकल्या आणि मोती. अशी नटवलेली चित्रं आता संग्रहालयांत काचेमागे ठेवलेली असतात आणि संग्राहक त्यांना मोठी किंमत देतात. त्या बायकांची नावं चित्रांवर नाहीत. पिकासोच्या मेणकापडाच्या सुमारास, कदाचित त्याआधीही, आपल्या आज्यापणज्या छापील चित्रावर कापड चिकटवत होत्या. त्याला कोणी कला म्हटलं नाही, दुपारची वेळ घालवणं म्हटलं.

आमच्याही घरी अशी एक लक्ष्मी होती, वाडीतल्या जुन्या घरात, माजघरात. आजीनं लग्न होऊन बडोद्याला आल्यावर केलेली. पैठणीच्या काठाचा तुकडा आणि काळवंडलेल्या टिकल्या. मी फाइन आर्ट्सला शिकत होते तेव्हा मैत्रिणी घरी यायच्या म्हणून मला त्या चित्राची लाज वाटायची. मी आईला ते काढायला लावलं. ते माळ्यावर गेलं आणि वाळवीनं खाल्लं. गंमत म्हणजे त्याच बडोद्यात भूपेन खख्खर 1960 च्या दशकात बाजारातली देवांची छापील चित्रं कापून चिकटवून कोलाज करत होते आणि ती मुंबईच्या प्रदर्शनात लागली होती. ते माझ्या अभ्यासात होतं, त्यावर मी निबंध लिहिला होता. आणि घरातली लक्ष्मी मात्र माळ्यावर.

ही एक चूक. दुसरी याहून मोठी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी कोणाच्या हातात कात्री देणार नाही.

नोकरी लागल्यावर एका समूह प्रदर्शनासाठी मी जलपरी करायला घेतली. मोठी, जवळजवळ माझ्या उंचीची. खवल्यांसाठी मला जुना कागद हवा होता, पिवळट, शाईचा. ट्रंकेत आजोबांचे कागद होते. आजोबा गायकवाड सरकारात कारकून. गठ्ठ्यात सगळं मोडीत. मला मोडी येत नव्हती, आईलाही येत नव्हती. मी गठ्ठा सोडला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "अगं, कोणाकडून वाचून तरी घे आधी." मी म्हटलं, "कचेरीचे हिशोब असतील गं." आणि झाकणाच्या मापानं गोल आखून शंभर-दीडशे खवले कापले. फार सुंदर दिसले. मोडीची ती न तुटणारी ओळ, पाण्याच्या लाटेसारखी. प्रदर्शनात वाहवा झाली, चित्र पहिल्याच दिवशी विकलं गेलं. घेणारे गृहस्थ बाहेरगावचे होते.

काही वर्षांनी पुण्याहून एक मोडी वाचणारे पाहुणे आमच्याकडे आले. उरलेल्या कातरणांचं पाकीट मी त्यांना सहज दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हिशोब नव्हते ते. ती पत्रं होती. आजोबांच्या धाकट्या बहिणीची, कोणाकडून तरी लिहून घेतलेली. ती बालविधवा होती, नाशिककडे नातेवाइकांत राहायची, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. घरात तिचं नावही कोणी घेत नसे. भावाला ती सांगत होती की इथे आता राहवत नाही, मला बडोद्याला... आणि तिथे कात्रीची गोल धार. मला बडोद्याला काय? घेऊन जा? पाठवू नको? पुढचे शब्द त्या शेपटीवर आहेत, आणि ती शेपूट कोणाच्या भिंतीवर आहे हे मला माहीत नाही. खूप शोध घेतला, लागला नाही.

आजोबांनी तिला आणलं नाही, हे उघड आहे. आणलं असतं तर आम्हाला ती माहीत असती. त्यांनी निदान पत्रं जपून ठेवली. मी ती माशाचे खवले केली. आई कधी बोलली नाही. पण ती असेपर्यंत ही कात्री हातात घेतली की मी आधी तिच्याकडे बघायची.

म्हणून आमच्या वर्गाचा पहिला नियम: लिहिलेलं काहीही असेल, मग ते मोडी असो, देवनागरी असो, गुजराती असो, वाण्याचं बिल असो की डोहाळजेवणाचं आमंत्रण, आधी वाचायचं किंवा वाचून घ्यायचं. मग झेरॉक्स काढायची. कापायची ती झेरॉक्स. जाड पिवळसर कागदावर काढलेली झेरॉक्स खवल्यांसाठी मूळ कागदाइतकीच छान दिसते. मूळ कागद परत ट्रंकेत, सुती कापडात गुंडाळून. आपल्यातल्या किती घरांत अशा ट्रंका आहेत ते मला माहीत आहे. आणि त्या उघडायला कोणाला वेळ नाही, हेही माहीत आहे. जलपरीच्या निमित्तानं उघडल्या गेल्या तरी पुष्कळ झालं.

आता कृती. वह्या काढा, मुलांनो.

पाठीला जाड पुठ्ठा किंवा तीन-चार वर्तमानपत्रं एकावर एक चिकटवून वाळवलेला थर घ्या. वर्तमानपत्राचा थर हलका होतो आणि त्याला बाक देता येतो. चिकटवायला कागदासाठी गव्हाची किंवा मैद्याची खळ, कापडासाठी फेव्हिकॉल. जुने पुस्तक बांधणारे खळीत चिमूट मोरचूद घालत, म्हणजे कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हातात द्यायचं नाही, ते काम मोठ्यांचं.

आधी वरची बाई नाही, खालचा मासा करायचा. आणि मासा शेपटीकडून सुरू करायचा. शेवटचा खवला सगळ्यात आधी चिकटवायचा, मग त्याच्यावर निम्मा येईल असा वरचा, अशा ओळी कमरेपर्यंत चढवत न्यायच्या. कौलं घालतात तसं, वळचणीकडून आढ्याकडे. वरून सुरू केलं तर खवले उलटे बसतात आणि मासा धुतलेल्या मांजरासारखा दिसतो. प्रत्येक वर्षी दोन-तीन मुलं तसंच करतात. खवल्यांना लग्नपत्रिकांचे सोनेरी तुकडे, मिठाईच्या डब्यांचे कागद, ब्लाऊजपिसांच्या चिंध्या, जुन्या लुगड्याचा विटलेला काठ, काहीही चालतं. रंग शेपटीकडे गडद आणि कमरेकडे फिका ठेवलात की पाणी आपोआप दिसतं. बाजारची प्लास्टिकची चमकी नको. ती केसांत जाते, नाल्यात जाते आणि तिथून विश्वामित्रीत. चमक हवी तर जुन्या जरीचा दोरा उसवा.

केस लोकरीचे किंवा काथ्याचे. चेहरा शक्यतो छापील चिकटवू नका. स्वतः काढा, वाकडा आला तरी चालेल. कारण छापील चेहऱ्यांत आजकाल एकच चेहरा मिळतो, सिनेमातला, लाल केसांचा. दादांच्या आक्षेपात खरं काही होतं तर ते इथे. आपली मुलं जलपरी म्हणाली की तीच ती बाहुली काढतात. ज्या अँडरसननं ती गोष्ट 1837 मध्ये लिहिली, त्याची जलपरी शेवटी राजपुत्राची बायको होत नाही. फेसात विरते आणि हवेची कन्या होते. हा अँडरसन स्वतः कागद कापणारा होता बरं का. गोष्ट सांगता सांगता मोठ्या कात्रीनं घडी केलेला कागद कापत राहायचा आणि गोष्ट संपली की कागद उलगडून दाखवायचा. त्याची शेकडो कातरकामं अजून जपलेली आहेत. अखेरच्या आजारपणात, 1873-74 मध्ये, त्यानं घरच्या एका घडीच्या पडद्यावर छापील चित्रं कापून चिकटवली, पानभर माणसं, इमारती, नट, मुलं. ओडेन्सच्या संग्रहालयात तो पडदा आहे.

शेवटी कंबर. ती शिवण. आमच्या वर्गातल्या मुलींनी त्याचा एक तोडगा काढला आणि मी त्यांना गुरू मानलं. त्यांनी जलपरीला नऊवारी नेसवली. काष्टा मारलेला, आणि काष्ट्याचा सोगा खाली जाता जाता खवले होतो. कमरेला कागदी कमरपट्टा. मासा कुठे संपला आणि लुगडं कुठे सुरू झालं, विचारायची सोय नाही! मी विचारलं, "नथ का नाही घातली?" तर एकजण म्हणाली, "बाई, पाणीमां नथ निघून जाय ना." हे वाक्य कुठल्या भाषेतलं म्हणायचं ते दादांनी ठरवावं. मला विचाराल तर शिवण दिसते, पण घट्ट आहे.

संपवण्याआधी एका म्हाताऱ्या माणसाची गोष्ट. फ्रान्सचे चित्रकार मातीस. 1941 मध्ये त्यांच्या पोटातल्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते बराचसा वेळ अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत. उभं राहून चित्र रंगवणं अवघड झालं. मग मदतनीस बायका कागद रंगवून द्यायच्या, ते कात्रीनं आकार कापायचे आणि मदतनीस ते भिंतीवर टाचण्यांनी लावायच्या, थोडं वर, थोडं खाली, त्यांच्या मनासारखं होईपर्यंत. बाहेर फिरायला जाता येत नाही म्हणून माझ्याभोवतीच मी एक बाग केली, अशा अर्थाचं ते म्हणत. 1952 मध्ये, ब्याऐंशीच्या घरात, त्यांनी एक प्रचंड कोलाज केलं, जवळजवळ साडेसात मीटर लांब. रंगीबेरंगी पानं आणि डाळिंबं, डावीकडे एक निळा पोपट. उजवीकडच्या जागेसाठी त्यांनी निळ्या स्त्रीचे आकार करून पाहिले. ते काही त्या बागेत बसेनात. शेवटी एक निळी जलपरी कापली आणि ती बसली. 'पोपट आणि जलपरी' असं त्या चित्राचं नाव, ते अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे.

खोलीतून बाहेर न पडता येणाऱ्या माणसाला शेवटी जलपरीच का सापडली, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. पण तिला पाय नसतात आणि तरी ती कुठेही जाते, एवढं मात्र आहे. आपल्या मंडळातले तीन-चार सभासद आता घराबाहेर पडू शकत नाहीत. गणपतीच्या दिवसांत आपण त्यांच्याकडे प्रसाद पोचवतो. यंदा प्रसादाच्या आधी कागद आणि बोथट कात्री पोचवू या. एकेकानं दहा-दहा खवले कापून दिले, तर शेपूट त्यांच्याकडूनही येईल. आरतीला ते नसले तरी आरशीत त्यांचे खवले असतील.

म्हणून माझी विनंती कार्यकारिणीला: यंदाची आरास थर्माकोलची नको. सरोवर करू या, सूरसागरासारखं. मध्ये बाप्पा, बाजूला मकर, शरभ, नवगुंजर, मत्स्यावतार, आणि त्या सगळ्या जोडलेल्या मंडळींत एका कोपऱ्यात आपली नऊवारीतली जलपरी. बाप्पा तिला परकी म्हणेल असं मला वाटत नाही. सजावट विसर्जनाला जाणार नाही. ती सभागृहात वर्षभर राहील आणि पुढच्या वर्षी तिच्यावर नवे खवले चढतील.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता इथेच या. येताना घरची कात्री, चिंध्या, जुन्या पत्रिका आणा. आणि ट्रंकेत मोडी कागद असतील तर तेही आणा. कापायला नाही, वाचायला. मी आता मोडी शिकले आहे. फार सराईत नाही, अडखळत वाचते, पण वाचते. मागे ज्या बाईचं वाक्य मी मध्येच तोडलं, तिचं पूर्ण करता येणार नाही. दुसऱ्या कुणाचं तुटू नये एवढं करता येईल.

दादा, तुमच्याकडे तुमच्या वडिलांची ट्रंक आहे, हे मला वहिनींनी सांगितलं आहे. वाट बघते.

नमस्कार. गणपती बाप्पा मोरया.